चार आण्यांची फळी, बारा आण्यांचं ड्रिल

भिंतीवर एक फळी लावायची आहे, इतक्या साध्या गोष्टीवरून सुरुवात होते. फळीवर काय ठेवायचं ते कोणालाच ठाऊक नसतं. पण भिंत मोकळी आहे, आणि मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कोणीतरी नव्वद सेकंदांत तशी फळी लावून, वर मनीप्लांटची बाटली ठेवून हात झटकलेले असतात. सुताराला फोन केला तर तो एका फळीसाठी यायला तयार नाही. आलाच तर मजुरी फळीच्या दुप्पट. मग घरचे गृहस्थ हिशेब मांडतात. फळी घरातच आहे, जुन्या पलंगाची. स्क्रू डब्यात आहेत. लागणार फक्त एक ड्रिल मशीन, ते दीड-दोन हजारांत येतं आणि ‘जन्मभर कामाला येतं’. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने रचली त्याने ड्रिल मशीन पाहिलेलं नव्हतं. नाहीतर मसाला त्याला स्वस्त वाटला असता.

घरच्या घरी, कमी खर्चात घर सुधारण्याच्या या खटाटोपाला एक नियम लागू पडतो: कामाचा आवाज जितका मोठा, तितकी बचत कमी. गोधडी शिवताना आवाज होत नाही. नळाचा वायसर बदलताना फार तर पाना एकदा ‘कट्’ करतो. ड्रिल मात्र तिसऱ्या मजल्यावर चालतं आणि तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर येतात. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, असे फलक सोसायट्यांनी हौसेने लावलेले नाहीत. आणि घरातल्या पुरुषमंडळींचा ओढा नेमका आवाजाकडे असतो.

पहिला मुक्काम अर्थात हार्डवेअरचं दुकान. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आणि इतर कुठल्याही गावात एसटी स्टँडजवळचं ते एक दुकान, ज्याच्या दारात घमेली, पहारी आणि हिरव्या नळीची भेंडोळी टांगलेली असतात. आत शिरताना चालीत रुबाब असतो. तो पहिल्या प्रश्नापर्यंत टिकतो.

‘नळाचा तो... गोल असतो ना, आत बसतो, तो द्या.’

‘वायसर, ओ-रिंग की स्पिंडल?’

‘काळा.’

‘कितीचा?’

इथे गिऱ्हाईक अंगठा आणि तर्जनी पुढे करून एक अंतर दाखवतं. हे अंतर घरून निघताना बरोबर असतं, रिक्षात बसल्यावर थोडं वाढतं आणि काउंटरवर पोचेपर्यंत त्यातून लिंबू जाईल इतकं झालेलं असतं. दुकानदार ते पाहून हसत नाही. दिवसभर तो अशीच बोटं पाहत असतो.

दोष सगळा गिऱ्हाइकाचा नाही, कारण या धंद्यात एका भिंतीवर तीन मापं नांदतात. सुतार सुतात बोलतो. इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंच झालं दोन सूत. प्लंबर इंचात बोलतो. ड्रिलचा बिट मिलिमीटरमध्ये मिळतो. त्यात प्लंबरचा इंच हा प्लंबरचाच असतो. ‘अर्धा इंची’ नळाचे आटे पट्टीने मोजले तर बाहेरून 21 मिलिमीटरच्या आसपास भरतात, आणि शाळेत शिकवलेला अर्धा इंच 12.7 मिलिमीटरचा. हे नाव मुळात लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलं. पुढे पाइपची जाडी बदलली, पण बाहेरचे आटे जुन्या नळांना बसले पाहिजेत म्हणून तसेच राहिले आणि नावही तसंच राहिलं. त्यामुळे घरून पट्टीने नीट मोजून आलेला, अभियांत्रिकीची पदवी असलेला माणूस छातीठोकपणे पाऊण इंची नळ मागतो, घेऊन जातो आणि अर्ध्या तासाने परत येतो. जुना नळच पिशवीत टाकून आणणाऱ्या काकूंचं काम एका फेरीत होतं. दुकानदार मनातल्या मनात काकूंना अभियंता मानतो.

आता भिंत. भिंतीत स्क्रू नुसता पिळून बसत नाही, त्याला गिट्टी लागते. पूर्वी सुतार लाकडाची गिट्टी तासून भोकात ठोकायचा. हल्लीच्या प्लास्टिकच्या गिट्टीचं मूळ लंडनला आहे. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची उपकरणं बसवायची होती, पण दगडी बांधकामाची नासधूस नको होती. जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने तागाच्या तंतूंची एक छोटी नळी केली, भोकात घातली आणि तिच्यात स्क्रू पिळला. नळी फुगली आणि भोकाच्या कडांना घट्ट बसली. 1911 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. गिट्टीची सारी करामत या फुगण्यात आहे, आणि ती चालते एकाच अटीवर: भोक गिट्टीच्या मापाचं हवं. सहाची गिट्टी असेल तर सहाचंच भोक.

रविवारचा कारागीर सहाच्या बिटाने सुरुवात करतो. बिट घसरतो. तो जोर लावतो, मशीन थरथरतं, मनगट फिरतं, आणि सहाचं भोक तोंडाशी दहाचं होतं. गिट्टी आत घातली की तिच्या मालकीची खोली असल्यासारखी फिरते. यावर महाराष्ट्रभर एकच उपाय आहे आणि तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसून सगळ्यांना येतो: आगपेटीतल्या काड्या. गिट्टीच्या बाजूने काड्या कोंबायच्या, गुल मोडून. काड्या अखेर लाकडाच्याच, तेव्हा शंभर वर्षांची प्रगती ओलांडून माणूस पुन्हा लाकडाच्या गिट्टीपाशी येतो, आणि फळी टिकतेही.

नव्या इमारतींत आणखी एक पेच असतो. आतल्या भिंती विटांऐवजी हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं आणि कारागिराला आपल्या मनगटाबद्दल भलते गैरसमज होतात. साधी गिट्टी अशा ठोकळ्यात पकड घेत नाही, तिच्यासाठी लांब आणि वेगळ्या घाटाची गिट्टी मिळते. हे बहुधा फळी खाली आल्यावर कळतं. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडव्या रेषेत भोक पाडू नये, तिथून आतल्या वायरी गेलेल्या असतात, हे मात्र आधीच कळलेलं बरं. त्या बाबतीत दुसरी संधी मिळेलच असं नाही.

फळी सरळ आहे का, हा शेवटचा आणि घरात सर्वाधिक वादाचा प्रश्न. अहो दोन पावलं मागे जातात, मान तिरकी करतात आणि तिरक्या मानेने फळी सरळ आहे असा निर्वाळा देतात. गवंड्याकडे यावर मीटरला काही रुपयांत मिळणारा इलाज आहे: पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन्ही टोकं भिंतीला धरली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं. आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, बस्स. ना बॅटरी, ना ॲप. पण या उपायात आवाज होत नाही, त्यामुळे तो घरगुती कारागिरांत लोकप्रिय नाही.

जे ठोकून बसत नाही ते चिकटवायचं, हा या उद्योगातला दुसरा संप्रदाय. एकेकाळी सुताराचा सगळा जोर सरसावर होता. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला तो सरस वापरायच्या आधी प्रत्येक वेळी गरम करावा लागे आणि त्याचा वास शेजाऱ्यांना बातमी देई. 1959 मध्ये फेविकॉल आलं, पांढरं, थंड आणि डब्यातून थेट लावता येणारं, आणि सुताराच्या शेजारची शेगडी विझली. चिकटण्याच्या बाबतीत मराठी माणसाने ते नाव इतकं आपलंसं केलं की खुर्चीला चिकटलेल्या नेत्यांसाठी वेगळा वाक्प्रचार शोधावा लागला नाही.

पण घरगुती कारागिराचं खरं दैवत एम-सील. दोन रंगांचे दोन गोळे, एक राळेचा आणि एक तिला घट्ट करणाऱ्याचा; सारखे घ्यायचे, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि गळतीवर थापायचे. पाकिटावरची सूचना सांगते की जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. अडचण इतकीच की गळती पाणी आल्यावरच दिसते, पाणी महापालिकेच्या वेळेने येतं, आणि गृहस्थांचा उत्साह स्वतःच्या वेळेने. वाहत्या पाइपवर थापलेलं एम-सील पाइप सोडून बोटांना घट्ट बसतं. काही घरांत सिंकखालच्या सांध्यावर इतके थर चढलेले असतात की पुढे प्लंबरला पाइप शोधायला उत्खनन करावं लागतं, आणि एकेका थरावरून घराण्याच्या कुठल्या पिढीत कोणी हात चालवला ते सांगता येतं.

याच्या उलट, जी कामं खरंच स्वस्त आणि खरंच उपयोगी आहेत ती इतकी बिनबोभाट आहेत की त्यांचं कौतुक कोणी करत नाही. गळका नळ घ्या. सेकंदाला एक थेंब, आणि सलाईनच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तर दिवसाच्या 86,400 थेंबांचं चार लिटरांहून अधिक पाणी होतं. महिन्याला सव्वाशे लिटरांच्या वर. हे थांबवायला पुष्कळदा लागतो काही रुपयांचा रबरी वायसर. सांध्यातून पाझर असेल तर टेफ्लॉनची पांढरी टेप. हे टेफ्लॉन 1938 मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला अपघातानेच सापडलं. शीतकरणासाठी लागणारा वायू शोधत असताना टाकीतला वायू गेला आणि मागे पांढरी, गुळगुळीत भुकटी उरली. ती टेप नळ ज्या दिशेने पिळून बसतो त्याच दिशेने आट्यांवर गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उलगडत जाते. एवढंच शास्त्र. आठवीतल्या मुलीला शिकवलं तर तिला जन्मभर पुरेल, पण शिकवतात मुलाला, आणि तो मोबाइलमध्ये असतो.

पंख्याचंही तसंच. छताचा पंखा म्हातारा झाल्यागत हळू फिरू लागला की घरात नव्या पंख्याची चर्चा सुरू होते, रंग ठरतात, रिमोटवाला घ्यायचा का यावर मतं पडतात. पुष्कळ वेळा दोष असतो तो दांडीच्या टोपणाखाली लपलेल्या बोटभर कपॅसिटरचा. नेहमीच्या पंख्याला साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो; जुना काढून नेला की पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत किरकोळ पैशांत तसाच नवा मिळतो. मुख्य स्विच बंद करायचा, जुन्याच्या वायरी कशा जोडल्या होत्या त्याचा फोटो काढून ठेवायचा, नवा जोडायचा. पंखा वाऱ्यासारखा फिरू लागतो आणि टेबलावरचे कागद उडतात. पण पाहुण्यांना काय दाखवणार? ‘आमचा कपॅसिटर बघा’ असं म्हणून कोणाला खुर्चीवर चढवता येत नाही. फळीचं तसं नाही.

रंगकामाची हौस दिवाळीच्या आधी पंधरा दिवस येते आणि दिवाळीनंतर पंधरा दिवस भिंतीवर अर्धी दिसत राहते. जुन्या घरांत चुना द्यायचे. कळीच्या चुन्याचे खडे पिंपात टाकून पाणी ओतलं की पाणी आपसूक रटरटायला लागे, ना चूल ना जाळ. लहान मुलांना तो चमत्कार दुरून दाखवत, कारण उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. त्यात चिकटायला डिंकाचं पाणी आणि पिवळसरपणा मारायला नीळ. भिंतीवर लागलेला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भिंतीला चक्क दगडाचा पापुद्रा चढतो. खोट एकच: टेकून बसलेल्या पाहुण्याच्या पाठीला तो लागे, आणि तो कोणाच्या ओसरीवर बसून आला हे गावाला पाठीवरून कळे.

मग डिस्टेंपर आलं, प्लास्टिक पेंट आलं. 1942 मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये गट्टू रेखाटला: कपाळावर केसांची बट आणि हातातल्या ब्रशातून गळणारा रंग. रंगाच्या जाहिरातींतला इतका प्रामाणिक नायक पुन्हा झाला नाही. नंतरच्या जाहिरातींत पांढरे कपडे घातलेलं कुटुंब खिडकीतून सूर्यास्त पाहतं आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं कधीच दिसत नाही. घरी मात्र डबा उघडल्यावर पहिला थेंब नेमका जिथे वर्तमानपत्र नाही तिथे पडतो.

खरी गंमत ओल आलेल्या भिंतीची. चुना श्वास घेतो; भिंतीतली ओल त्यातून बाहेर निघून जाते. प्लास्टिक पेंट ती अडवून धरतो, मग आधी फुगे, नंतर पोपडे, आणि भिंतीतले क्षार वर येऊन पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, म्हणजेच लोणा लागतो. कोकणात एका पावसाळ्यात हा सगळा प्रवास पुरा होतो. उपाय म्हणजे पाणी कुठून मुरतंय ते शोधणं: वरच्यांचं न्हाणीघर, गच्चीची भेग, बाहेरचा फुटका पाइप. पण त्यासाठी वरच्यांशी बोलावं लागतं, आणि गेल्या गणपतीपासून त्यांच्याशी बोलणं बंद आहे. म्हणून आधी तिथे कपाट सरकवतात. कपाटाची पाठ फुगली की विटांच्या नक्षीचे, मागे गोंद लावलेले फोमचे तक्ते मागवतात. अशा रीतीने खऱ्या विटांवर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर रंग, रंगावर ओल आणि ओलीवर खोट्या विटा येतात. पुढच्या आषाढात खोट्या विटा खाली येतात. घरातल्या खऱ्या विटा मात्र इमानेइतबारे उभ्या असतात.

आता त्या कामांकडे वळू, ज्यांना कोणी कधी ‘स्वतः करा’ प्रकल्प म्हटलं नाही, कारण ती बायका करत होत्या. गोधडी, किंवा कोल्हापूरकडे म्हणतात ती वाकळ, घ्या. विरलेली नऊवारी, बाबांचं धोतर, बाळाचं अंगडं, सगळं थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवलेलं. साहित्य म्हणजे सुई, दोरा आणि टाकून द्यायचं कापड. खर्च जवळपास शून्य. दुपारची कामं आवरल्यावर दोघी-तिघी समोरासमोर बसत, गावातली सगळी प्रकरणं टाक्याटाक्याने निकालात निघत, आणि महिन्याभरात हिवाळ्याची सोय होई. तीच गोधडी हल्ली शहरातल्या प्रदर्शनात हजारोंच्या किमतीला लागते, आणि आईने दिलेली माळ्यावर कोंबून ठेवलेली सून ती विकत घेऊन येते.

रुखवत हा तर घरगुती हस्तकलेचा महोत्सवच. लग्नघरी एका लांब टेबलावर मांडलेले क्रोशाचे रुमाल, प्लास्टिकच्या वायरची पिशवी, आइस्क्रीमच्या काड्यांची बंगली, सुपारीचे नवरानवरी, शिंपल्यांचा गणपती. बाजूला उभी असलेली एखादी मावशी प्रत्येक वस्तूपाशी ‘हे सगळं तिने स्वतः केलंय हं’ असं सांगत असे, आणि वरपक्षाकडच्या बायका वस्तू उलटी करून टाके तपासत. बी.ए.चे पेपरही कोणी इतक्या बारकाईने तपासले नसतील. सुपारीच्या नवरदेवाला फेटा असे आणि त्याची मुंडावळी दोन मणी ओवून केलेली. पुढे संसारात तो काचेच्या कपाटात ठेवलेला असायचा आणि पाहुण्यांच्या मुलांनी त्याचं डोकं काढल्यावर फेविकॉलने पुन्हा लावलेलं असायचं, किंचित डावीकडे पाहणारं. हल्ली रुखवतही तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. सकाळी टेबलावर, संध्याकाळी टेम्पोत. मावशी अजून तिथे उभी असते, फक्त वाक्य ‘छान आहे ना?’ इतकं आखूड झालं आहे.

आकाशकंदील त्यातल्या त्यात तग धरून आहे. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि मैद्याची खळ. शिवाय खाली झिरमिळ्या, ज्या कापताना कात्री कोणाची यावरून भावंडांत भांडण झालं नाही तर दिवाळी आली असं वाटत नाही. षट्कोनी सांगाडा बांधायला सोपा वाटतो, पण सहावी बाजू नेहमी आखूड पडते. चाळीत आठवडाभर आधी गॅलरीभर कामट्या पसरायच्या आणि अनुभवी मंडळी खुर्चीवरून सूचना द्यायची. बांधणारी पोरं चार, सूचना देणारे अकरा. गणपतीच्या मखरांचं मात्र एक युग संपलं. थर्माकोलच्या कमानी, महिरपी, मयूर, सगळं घरोघर ब्लेडने कोरलं जायचं, दात आंबवणारा तो चिर्र आवाज करत, आणि पांढरे मणी मार्गशीर्षापर्यंत सोफ्याखाली सापडायचे. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. पुठ्ठा, कागद, कापड यांचे दिवस परत आले. पुठ्ठा पुरवायला ऑनलाइन खरेदी आहेच. घरात वस्तू येवो न येवो, खोकी येतात.

वारली चित्रांनी शहरी हस्तकलेचा हिशेब सगळ्यात स्वच्छ दाखवला आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढ्यावर लग्नाचा चौक लिहिला जात आला. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शहरात त्याच चित्रासाठी लागतात ॲक्रिलिक रंग, शून्य नंबरचा ब्रश, वार्निश, मातीची कुंडी आणि शनिवारची कार्यशाळा. मग माणसं, झाडं आणि तारपा वाजवणारा कुंड्यांवर, किटलीवर, स्विचबोर्डावर आणि शेवटी कचऱ्याच्या डब्यावर फेर धरतात. तारपावाल्याचे पाय मात्र उलटे निघतात, कारण दोन त्रिकोण जितके सोपे दिसतात तितके नसतात.

कमी पैशांत काय होऊ शकतं हे पाहायचं तर अरविंद गुप्तांची खेळणी पाहावीत. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या या माणसाने सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घन, मनोरे करून दाखवले, पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांसाठी कचऱ्यातून खेळणी केली, आणि 2018 मध्ये पद्मश्रीही मिळवली. काड्या इथेही आहेत, आणि फळीच्या गिट्टीतही. फरक इतकाच की तिकडे त्या आधीपासून ठरवून वापरलेल्या असतात.

हे सगळं पाहता माणसं हा खटाटोप पुन्हा पुन्हा का करतात? अमेरिकेतल्या मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिएली या तिघांनी 2012 मध्ये त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे करायला लावले. करणाऱ्यांनी आपल्या वाकड्या बेडकासाठी सरासरी 23 सेंट मोजायची तयारी दाखवली. त्यांच्याच बेडकांना त्रयस्थांनी दिले 5 सेंट. निष्णात माणसांनी केलेल्या बेडकांना मिळाले 27. म्हणजे करणाऱ्याने आपल्या बेडकाला दिलेली किंमत आणि इतरांनी उस्तादाच्या बेडकाला दिलेली किंमत यांत जेमतेम चार सेंटांचं अंतर. सुटे भाग घरी जोडायच्या फर्निचरवरून त्यांनी याला इकिया परिणाम म्हटलं. इकियाचं दुकान नवी मुंबईत तुर्भ्याला 2020 च्या डिसेंबरमध्ये उघडलं, पण परिणाम इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होता. प्रत्येक घरात एक तरी स्टूल आहे, ज्याच्यावर पाहुण्यांना बसू देत नाहीत आणि जे टाकूनही देऊ देत नाहीत.

त्याच निबंधात आणखी एक बारकावा आहे: काम अर्धवट राहिलं तर हे प्रेम उपजत नाही. मराठी घरांच्या दृष्टीने हा भाग जास्त महत्त्वाचा, कारण आपल्याकडे माळ्यावर, बाल्कनीत आणि गाडीच्या डिकीत प्रामुख्याने अर्धवट कामंच असतात. रंगवायला घेतलेले टायर, फोटो लावायला आणलेली फ्रेम, एका बाजूने सँडपेपर मारलेली खुर्ची. शिवाय तो श्रीखंडाचा डबा, ज्यात जोडी हरवलेले नट, बोल्ट, गंजके खिळे आणि कशाचे आहेत हे न कळणारे तीन प्लास्टिकचे भाग ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेले असतात. त्या डब्यातला स्क्रू आजवर हवा तेव्हा हव्या त्या मापाचा सापडलेला नाही. डबा टाकून दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो लागतो.

शेवटी कधीतरी खरा कारागीर घरात बोलवावाच लागतो. मग तो सुतार असो, प्लंबर असो की इलेक्ट्रिशियन, हत्यारांची पिशवी खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून तो आधी भिंतीकडे बराच वेळ पाहतो आणि या धंद्यातलं ठरलेलं वाक्य उच्चारतो.

‘हे आधी कोणी केलं होतं, साहेब?’

इकिया परिणाम या एका प्रश्नापुढे टिकत नाही. तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच फळी अभिमानाने दाखवणारे गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागतात.

‘होता एक माणूस,’ ते म्हणतात. ‘आम्ही आता त्याला बोलवत नाही.’

‘कुठे हो?’ स्वयंपाकघरातून आवाज येतो. ‘दर रविवारी असतो की घरी!’